पोलिसांची जुनी गाडी विकताय? चावी देण्याआधी आरसीवरचं नाव बघा

डिजिटल डेस्क, चिखली (जि. बुलढाणा)

थोडक्यात
• पोलिसांच्या लिलावात घेतलेली गाडी पुढे विकता येते. पण आधी ती आरसीवर तुमच्या नावावर हवी.
• 15 वर्षं पूर्ण झालेली सरकारी गाडी 1 एप्रिल 2023 पासून थेट स्क्रॅपमध्ये जाते. तिचा रस्त्यावरचा सौदा होत नाही.
• दिवा, सायरन, पट्टे आणि 'पोलीस' ही अक्षरं काढल्याशिवाय गाडी दाखवायलाही बाहेर काढू नका.
• टीटी फॉर्मवर सही म्हणजे सुटका नव्हे. नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमचीच.

समजा, चिखलीतल्या एका शेतकऱ्यानं काही वर्षांपूर्वी लिलावात पोलिसांची जुनी बोलेरो घेतली. शेतात जायला, बियाणं-खतं आणायला, लग्नाकार्याला गाडीनं चांगली साथ दिली. आता ती विकायची आहे. त्यानं फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकले आणि अर्ध्या तासात चार फोन आले. जालन्याकडचा एक गिऱ्हाईक तर रोख पैसे घेऊन यायला तयार. म्हणतो, "भाऊ, टीटीवर सही करून द्या, नावावर मी करून घेतो."

इथंच थांबायला हवं. त्या शेतकऱ्यानं घरी जाऊन आरसी काढली, तर मालकाच्या रकान्यात त्याचं नावच नसेल. तिथं अजून पोलीस अधीक्षक किंवा तत्सम पदाचं नाव असेल. लिलावाची पावती कपाटात, गाडी दारात आणि कागदोपत्री मालक मात्र सरकार. अशी गाडी विकणं म्हणजे जे आपल्या नावावर नाही त्याचा सौदा करणं.

जुनी गाडी विकण्याचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. पोलिसांकडून आलेल्या गाडीला मात्र तीन जादा गोष्टी चिकटलेल्या असतात: लिलावाचे कागद, अंगावरच्या सरकारी खुणा आणि तिचं वय. या तिन्हींचा हिशेब नीट लागला तरच सौदा सरळ होतो. एक एक करून बघू.

'पोलिसांची गाडी' म्हणजे नेमकी कोणती?

बोलताना आपण तीन वेगवेगळ्या गाड्यांना 'पोलिसांची गाडी' म्हणतो. विक्रीच्या वेळी त्यांच्यातला फरक महत्त्वाचा ठरतो.

1. पोलीस दलाच्या मालकीची गाडी. गस्तीची, ठाण्याची किंवा अधिकाऱ्याच्या दिमतीची. ती वापरातून काढली की सरकारी भाषेत 'निर्लेखित' होते आणि लिलावात निघते. हा लेख मुख्यतः या गाडीबद्दल आहे.

2. पोलिसांनी लिलावात काढलेली बेवारस किंवा जप्त गाडी. ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजत पडलेल्या गाड्या आपण बघतो. त्या पोलिसांच्या नसतात. कुणाच्या तरी चोरीच्या, अपघातातल्या किंवा गुन्ह्यात पकडलेल्या असतात. कायदेशीर प्रक्रिया पूर्ण करून त्यांचा लिलाव होतो. यातल्या पुष्कळशा भंगार म्हणूनच विकल्या जातात. लिलावाच्या आदेशात 'भंगार' असं लिहिलं असेल, तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही, मग इंजिन कितीही चांगलं असो.

3. पोलीस कर्मचाऱ्याची स्वतःची गाडी. ही साधी खासगी गाडी. मालक खात्यात आहे एवढंच. तिला नेहमीचेच नियम लागतात. जाहिरातीत 'पोलीसची गाडी' लिहिलं म्हणून तिची किंमत वाढत नाही आणि कागदांतून सूटही मिळत नाही.

आपल्या दारातली गाडी यांपैकी कोणती, हे लिलावाच्या आदेशावरून कळतं. आदेश नसेल, तर पुढचं काही करण्याआधी तो शोधा.

15 वर्षांचा नियम काय सांगतो?

केंद्र सरकारनं जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 52-अ हा नियम घातला. तो 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. केंद्र सरकार, राज्य सरकार, नगरपालिका-महापालिका, राज्य परिवहन महामंडळं, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षांनी आपोआप संपते. नूतनीकरण होत नाही. गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी लागते. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व तत्सम विशेष वाहनांना यातून वगळलं आहे.

विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला याचा अर्थ असा:

• पोलीस दलाच्या नावावर असतानाच 15 वर्षं झालेली गाडी आज कुणी 'लिलावातली आहे, चालू कंडिशन' म्हणून विकत असेल, तर सावध व्हा. तिची जागा स्क्रॅप केंद्रात आहे.

• 15 वर्षांच्या आत लिलावात निघालेली आणि रीतसर खासगी नावावर झालेली गाडी ही खासगी गाडी झाली. तिला सरकारी गाडीचा नियम लागत नाही. 15 वर्षांनंतर तंदुरुस्ती तपासून पाच-पाच वर्षांसाठी तिची नोंदणी वाढवता येते.

• लिलाव झाला पण नाव बदललंच नाही, ही सगळ्यात अवघड अवस्था. कागदावर गाडी अजून सरकारचीच दिसते आणि घड्याळ सरकारी नियमानं चालू राहतं. अशा गाडीची पहिल्या नोंदणीची तारीख आजच बघा.

नूतनीकरणाचा खर्चही सौद्यात धरा. 15 वर्षांवरील कारसाठी नोंदणी नूतनीकरणाची फी 5,000 रुपये आहे. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील कारसाठी ती 10,000 रुपये करण्यात आली. याशिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगितलं तर ऐन वेळी भाव पाडायला निमित्त उरत नाही.

पहिला सांधा: लिलावातून तुमच्या नावावर

सरकारी लिलावातली गाडी नावावर करण्यासाठी वेगळा नमुना आहे: फॉर्म 32. गाडी ताब्यात घेतल्यापासून 30 दिवसांत तो आरटीओत द्यायचा असतो. सोबत हे जोडायचं:

• गाडीची मूळ आरसी
• विम्याचं प्रमाणपत्र
• लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा, गाडी तुम्हाला विकल्याचा आदेश किंवा दाखला
• लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची साक्षांकित प्रत
• ठरलेली फी

बहुतेकांची गाडी शेवटून दुसऱ्या कागदावर अडते. पैसे भरल्याची पावती लोक जपून ठेवतात, पण परवानगीच्या आदेशाची प्रत मागत नाहीत. काही वर्षांनी कार्यालयातले बाबू बदलतात, फाइल अभिलेख कक्षात जाते आणि मग हेलपाटे सुरू होतात. प्रत हातात नसेल, तर ज्या कार्यालयानं लिलाव केला तिथं लेखी अर्ज करा. अर्जावर लिलावाची तारीख, लॉट क्रमांक, गाडीचा नंबर, चॅसी आणि इंजिन क्रमांक लिहा आणि पोच घ्या.

विम्याची एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार, सरकारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी गाडीला तृतीय पक्ष विम्याच्या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे लिलावात मिळालेल्या गाडीला मुळात विमा नसण्याची शक्यता असते. गाडी सरकारच्या हातून सुटली की ही सूट संपते. म्हणजे लिलावाच्या मैदानातून घरी आणतानासुद्धा विमा हवा. विनाविमा गाडी चालवल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यात अपघात झाला तर भरपाई खिशातून जाते, ती वेगळीच.

कराचंही तसंच. सरकारी मालकीच्या गाडीची कराची नोंद आणि खासगी मालकाची नोंद वेगळी असू शकते. नाव बदलताना आरटीओत कराचा हिशेब विचारून घ्या आणि भरलेल्या कराची पावती फाइलला लावा. पुढच्या गिऱ्हाईकाला हीच पावती दाखवायची आहे.

पट्टे, दिवा, सायरन: आधी उतरवा, मग फोटो काढा

लिलावात निघताना गाडीवरच्या खुणा काढल्या जातात. तरी काही ना काही राहतं. उन्हानं बाकीचा रंग उडालेला असतो आणि जिथं स्टिकर होतं तिथं 'पोलीस' ही अक्षरं सावलीसारखी उमटलेली असतात. टपावर दिव्याची पट्टी बसवायची भोकं असतात. बॉनेटखाली सायरनच्या वायरी लोंबतात.

काही विक्रेते या खुणा मुद्दाम ठेवतात. 'पोलीस लूक'ला गिऱ्हाईक जास्त मिळतं असा समज आहे. कायद्याच्या दृष्टीनं हा समज महागात पडू शकतो:

• 1 मे 2017 पासून देशात मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. रंगीत चमकते दिवे आता पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन अशा आपत्कालीन सेवांपुरते आहेत. खासगी गाडीवर ते चालत नाहीत.
• वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न आणि सायरन खासगी गाडीला लावता येत नाहीत.
• परवानगी नसलेले बदल करून गाडी वापरल्यास मालकाला कलम 182-अ नुसार प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
• रंग बदलला असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. ऑलिव्ह ग्रीन हा लष्करी रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणालाच वापरता येत नाही.

यापेक्षा गंभीर बाब तोतयेगिरीची आहे. सरकारी नोकर असल्याची बतावणी करून त्या आधारे काही कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 नुसार किमान 6 महिने ते 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोतया पोलीस बनून रस्त्यात दागिने काढून घेतल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. अशा माणसाच्या हाती पट्टे असलेली गाडी लागली, तर तपास आधी तुमच्या दारात येईल.

ही भीती पुस्तकी नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात 18 आणि 19 एप्रिल 2020 रोजी एका माणसानं 22 जणांचा जीव घेतला. त्यानं सरकारी लिलावातून पोलिसांची जुनी फोर्ड टॉरस गाडी घेतली होती. तिला पट्टे, चिन्हं आणि दिव्यांची पट्टी लावून त्यानं ती हुबेहूब पोलीस गाडी बनवली आणि पोलिसांचा वेश करून तो फिरत राहिला. समोरून येणारी गाडी पोलिसांची आहे असं समजून लोक थांबले. त्यानंतर 2021 मध्ये कॅनडा सरकारनं केंद्रीय पोलीस दलाच्या जुन्या गाड्यांची विक्रीच थांबवली. नोव्हा स्कॉशियानं पोलिसांच्या खुणा आणि साहित्य कुणाकडे असावं यावर स्वतंत्र कायदा केला.

आपल्याकडे 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला करणारे दहशतवादी लाल दिवा आणि गृह मंत्रालयाचं स्टिकर लावलेल्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधूनच आवारात शिरले होते. सरकारी दिसणाऱ्या गाडीला लोक वाट देतात. त्या विश्वासाचा सौदा करू नये.

म्हणून फोटो काढण्याआधी एवढं करा: स्टिकरचे डाग पॉलिश करून किंवा तो पत्रा रंगवून घालवा, टपाची भोकं झाळून बंद करा, जादा वायरिंग काढून टाका. वायरलेस संचाचा एखादा भाग किंवा अँटेना राहिली असेल तर ती विकू नका. लिलाव करणाऱ्या कार्यालयाला कळवून परत द्या.

मीटर कमी, इंजिन थकलेलं: असं कसं?

गिऱ्हाईक हमखास विचारतं, "किती चाललीय?" पोलिसांच्या गाडीत या प्रश्नाचं उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही.

गस्तीची गाडी बराच वेळ जागेवर उभी असते. बंदोबस्त, नाकाबंदी, मिरवणूक. इंजिन चालू आणि चाकं थांबलेली. मीटर पुढे सरकत नाही, पण इंजिनची झीज होत राहते. अमेरिकेत पोलिसांना गाड्या पुरवणाऱ्या फोर्ड कंपनीनं यासाठी एक ठोकताळा दिला आहे: एक तास जागेवर चालू राहिलेलं इंजिन म्हणजे सुमारे 33 मैल, म्हणजे अंदाजे 53 किलोमीटर धावलेलं इंजिन समजा. हा आकडा प्रत्येक गाडीला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण हिशेब कसा करायचा ते त्यातून कळतं. रोज चार तास उभ्यानं चालू राहिलेली गाडी मीटरवर दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त 'चाललेली' असते.

डिझेल इंजिन कमी वेगावर फार वेळ चाललं की पुरेसं तापत नाही. इंधन पूर्ण जळत नाही, काजळी साचते, ईजीआर व्हॉल्व्ह तुंबतो, ऑइल लवकर खराब होतं. दुसऱ्या बाजूला क्लच, ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन खराब रस्त्यांवर मार खाल्लेलं असतं. एकाच गाडीवर अनेक चालक बदललेले असतात. खात्याच्या कार्यशाळेत तिची देखभाल ठरावीक वेळी होते, ही जमेची बाजू.

विकणाऱ्यानं हे लपवू नये. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या, ऑइल बदला, बॅटरीपासून गेलेल्या जादा वायरी कुठे कापून उघड्या ठेवल्या आहेत का ते बघा. उघडी वायर म्हणजे शॉर्टसर्किटला आमंत्रण. दुरुस्तीची बिलं फाइलला लावा. 'गाडी पूर्वी पोलीस दलात होती, सरकारी लिलावात घेतली' हे विक्रीच्या कागदावर स्पष्ट लिहा. भाव थोडा उतरेल, पण नंतर फसवल्याची तक्रार होणार नाही.

आता सौदा: काय, कधी, कुठे?

गाडी तुमच्या नावावर आहे, खुणा गेल्या आहेत, इंजिन तपासलं आहे असं धरू. पुढचा क्रम असा.

बयाण्याआधी
• परिवहन सेवा पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत बघा.
• ई-चलान थकलेलं असेल तर भरा.
• 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली असावी. राज्यात चारचाकीसाठी तिचा दर 745 रुपये अधिक जीएसटी ठरवलेला आहे. ही प्लेट नसेल तर नाव बदलण्यासारखी कामं अडतात.
• कर्ज काढून गाडी घेतली असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवून घ्या.

सौद्याच्या दिवशी
• विक्रीचा करारनामा स्टॅम्प पेपरवर करा. त्यात चॅसी व इंजिन क्रमांक, मीटरचं वाचन, रक्कम, पैसे देण्याची पद्धत आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहा. वेळ लिहायला विसरू नका. दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी अपघात झाला, तर तोच तुमचा पुरावा.
• घेणाऱ्याचं आधार, पॅन आणि वाहन परवाना यांच्या प्रती घ्या. प्रत्यक्ष चेहरा आणि फोटो जुळवून बघा.
• पैसे बँकेतून घ्या. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही.
• फॉर्म 29 आणि फॉर्म 30 पूर्ण भरूनच सही करा. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख कोरी ठेवून सही देऊ नका. कोरी टीटी म्हणजे कोरा चेक.

सौद्यानंतर
• फॉर्म 29 ही विकणाऱ्याची सूचना. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते. हे काम गिऱ्हाईकावर सोडू नका.
• घेणाऱ्यानं 30 दिवसांत फॉर्म 30 देऊन नाव बदलून घ्यायचं असतं.
• गाडी बाहेरच्या राज्यात जात असेल तर 45 दिवसांची मुदत आणि फॉर्म 28 वरची एनओसी लागते. बुऱ्हाणपूरकडचं गिऱ्हाईक असेल तर हे लक्षात ठेवा.
• गाडी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत, समजा जालन्याला जाणार असेल, तर आपल्या आरटीओची एनओसी लागते का, हे आधी विचारून घ्या.

चिखलीकरांसाठी आरटीओ म्हणजे बुलढाण्याचं एमएच-28 कार्यालय. आधार जोडलेलं असेल तर अर्जाची बरीच प्रक्रिया ऑनलाइन होते. मोबाईलवर ओटीपी येतो. तो ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. स्वतः अर्ज वाचून स्वतःच टाका. केंद्रीय नियमांत खासगी कारच्या हस्तांतरणाची मूळ फी 300 रुपये आहे. एजंटाकडे काम दिलं तरी सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळं लिहून घ्या.

'टीटीवर सही केली, आता आपला काय संबंध?'

संबंध राहतो. सर्वोच्च न्यायालयानं 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. त्यातली कार पहिल्या मालकानं विकली, ती पुढे एकापाठोपाठ एक हातांतून गेली, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं. 2009 मध्ये त्या कारनं अपघात केला आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. नुकसानभरपाई कुणी द्यायची? न्यायालयानं सांगितलं, कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. अपघातग्रस्तानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही.

गुन्ह्याच्या तपासातही तसंच होतं. गाडी कोण चालवत होतं ही माहिती देण्याची जबाबदारी कलम 133 नुसार मालकावर असते. कॅमेऱ्यात नंबर दिसला की पहिला फोन आरसीवरच्या माणसाला जातो. आपल्याकडे करारनामा, ओळखपत्राच्या प्रती आणि फॉर्म 29 ची पोच असेल, तर उत्तर देता येतं. नुसतं "मी विकली होती" म्हणून भागत नाही.

या निकालामुळे पोलिसांच्या जुन्या गाडीच्या व्यवहारातला प्रत्येक सांधा महत्त्वाचा होतो. लिलावानंतर तुम्ही नाव बदललं नाही तर नोंदीत सरकार मालक राहतं. तुमच्या गिऱ्हाईकानं बदललं नाही तर तुम्ही राहता.

डीलरला दिली तर?

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम लागू झाले आहेत. डीलरकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र हवं. तुम्ही आणि डीलर मिळून फॉर्म 29-क वर गाडी दिल्याची सूचना पोर्टलवर दिली, की पुढची विक्री होईपर्यंत त्या गाडीचा मालक डीलरच मानला जातो. भाव थोडा कमी मिळेल, पण डोक्यावरचं ओझं त्याच दिवशी उतरतं. मात्र डीलर अधिकृत नसेल आणि नुसती कोरी टीटी मागत असेल, तर परिस्थिती जालन्याच्या त्या गिऱ्हाईकासारखीच.

वाचकांना पडणारे प्रश्न

प्रश्न: वडिलांनी लिलावात गाडी घेतली होती. आता ते नाहीत. मी विकू शकतो का?
आरसी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागेल. त्यासाठी फॉर्म 31 आहे. मालकाच्या निधनानंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत अर्ज करायचा असतो. बाकीच्या वारसांची संमती लेखी घ्या. आरसी अजून पोलीस खात्याच्याच नावावर असेल, तर लिलावाचे सगळे कागद घेऊन आरटीओत लेखी अर्ज करा. लिलावाचा सांधा जुळल्याशिवाय वारसाची नोंद होणार नाही.

प्रश्न: जुना विमा नव्या मालकाला आपोआप मिळतो का?
तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर जातं. पण घेणाऱ्यानं 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. 'नो क्लेम बोनस' मात्र तुमचा असतो. कंपनीकडून दाखला घ्या आणि पुढच्या गाडीला वापरा.

प्रश्न: फास्टॅगचं काय?
चावी देण्याआधी बंद करा. नाहीतर गाडी मेहकरहून समृद्धीवर चढेल आणि टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

प्रश्न: मी एकच गाडी विकतोय, जीएसटी भरावा लागेल का?
सामान्य माणसानं आपली वापरलेली गाडी दुसऱ्याला विकली तर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत व्यावसायिकानं केलेल्या विक्रीला वेगळे नियम आहेत.

प्रश्न: गाडी फारच जुनी झालीय, गिऱ्हाईक मिळत नाही. भंगारवाल्याला देऊ?
भंगारवाल्याला नको, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या. तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. हे प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेताना नोंदणी शुल्कात माफी मिळते. भंगारवाल्याकडे दिलेल्या गाडीची चॅसी उद्या दुसऱ्या गाडीखाली सापडली, तर नंबर तुमचाच असेल.

सौद्याआधी फोनमध्ये जतन करून ठेवा

✔ लिलावाचा विक्री आदेश आणि परवानगीच्या आदेशाची प्रत
✔ आरसीवर तुमचं नाव, नोंदणीची मुदत शिल्लक
✔ विमा, पीयूसी आणि कराची पावती
✔ नंबर प्लेट नवी, चलान शून्य, बोजा उतरलेला
✔ दिवा, सायरन, पट्टे, अक्षरं, वायरलेसचे भाग: काहीही शिल्लक नाही
✔ करारनामा, त्यावर गाडी दिल्याची वेळ
✔ फॉर्म 29 ची पोच
✔ फास्टॅग बंद

आता पुन्हा त्या शेतकऱ्याकडे. जालन्याच्या गिऱ्हाईकाला त्यानं एवढंच सांगायला हवं: "दादा, महिनाभर थांबा. आधी गाडी माझ्या नावावर होऊ द्या, मग तुमच्या नावावर करून देतो." खरा गिऱ्हाईक थांबेल. जो थांबायला तयार नाही आणि कोऱ्या टीटीवरच अडून बसतो, त्याला गाडी न विकलेली बरी. आणि गाडी विकल्यावर महिनाभरानं अ‍ॅप उघडून नंबर टाकून बघा. मालकाच्या नावाची अक्षरं बदललेली दिसली, की समजा गाडी आता खरंच विकली गेली.